छापा, काटा, काठ

हाजी जाफर दुपारी झोपायला गेले
की मनामाच्या सूकमधलं हे सात फुटी दुकान माझं.
बाहेर उन्हात मांजरही नाही.
ती आली, रुमालाची गाठ दातानं सोडली,
काचेवर नाणं ठेवलं
आणि बोट उचलायला विसरली.

मी भिंग लावलं.
चांदी नव्हे. तांबं आणि निकेल. एकवीस ग्रॅम.
एकीकडे राजचिन्ह, ढालीत ढाली.
दुसरीकडे जहाज. फुगलेली शिडं, शिडांवर क्रूस,
दोराचा पीळ न् पीळ मोजता यावा असं कोरीवकाम.
खाली दोन सालं,
एक पोचल्याचं, एक आठवण काढल्याचं.
मधली पाचशे वर्षं
टांकसाळीनं घासून गुळगुळीत केलेली.

“आमचं बेट यात कुठंय?”
तुटकी अरबी, तुटकी इंग्रजी, उरलेलं हातांनी.
नाव दोमिंगस. मुहर्रकला एका घरात
दोन म्हाताऱ्यांना अंघोळ घालते.
आधीची मालकीण जाताना हे देऊन गेली,
तुझ्याच देशाचं आहे म्हणाली.

भिंग तिला दिलं.
जहाजाच्या पोटाखाली लाटांच्या तीन रेघा,
रेघांमागे नखाच्या कोरीएवढा उंचवटा,
त्यावर एक झाड.
हेच असणार.
बराच वेळ बघत राहिली, एक डोळा मिटून.
“हे झाड आमच्याकडे होत नाही,” म्हणाली,
आणि हसली.

मी दाभोळचा.
वाशिष्ठीच्या तोंडाशी अशीच शिडं आली होती, गाव जाळून गेली.
शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ होती.
महाडिक मास्तर म्हणाले, यावर प्रश्न येत नाही,
आणि पान उलटलं.
इथंही, सूकपासून अर्ध्या तासावर किल्ला आहे.
त्याच्या पोटात चार हजार वर्षांची गावं
एकावर एक निजलेली,
पण टॅक्सीवाल्याला सांगायचं
पोर्तुगीज किल्ला.
ऐंशीएक वर्षं राहिलेल्या पाहुण्याचं
घराला नाव.

आता कुणाशी भांडणार?
दुकानाची चावी त्यांची, कोपऱ्यातली बादली त्यांची,
सकाळी चहात बुडवला तो पाव.
ज्या एका शब्दापायी
आईच्या मातीलाही मला पोचता आलं नाही
तो पगार,
तोही याच जहाजातून उतरलेला.
हिचं तर नावच.

लहानपणी जेटीवर, फेरीबोट येईस्तोवर,
चार आण्याचं नाणं उडवायचो आम्ही.
छापा की काटा?
मी तिला उडवून दाखवलं. तिनं हवेतच झेललं,
पण मूठ उघडून बघितलंच नाही वर काय आलंय.
अंगठ्याचं नख काठावरून फिरवत राहिली.
काठाला दाते होते.
तिथं जहाज नाही, ढाल नाही,
नुसते एकाशेजारी एक, खेटून, उभे.
खर्र, खर्र, नख फिरत होतं.

किती?
दीड दिनार. हाजींनी एकच दिला असता.
तिनं घासाघीस केली नाही, त्याचंच वाईट वाटलं.

वहीत नोंद करायची असते.
वस्तू, धातू, साल, वजन, मूळ ठिकाण.
शेवटच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.
राहू दे. हाजी उठतील, डोळे चोळत येतील,
लिस्बन लिहितील.

शेजारच्या कुट्टीकडून तिनं फोनचं कार्ड घेतलं,
आमच्याच पायरीवर बसून नंबर लावला.
पलीकडे कुणी लहान असावं.
आधी ओरडली, मग समजूत घातली,
मग एकेक वस्तू सावकाश सांगू लागली.
त्या सगळ्या बोलण्यातला
एकच शब्द मला काचेपलीकडून कळला,
साबण.